दात आधी, चेहरा नंतर

डॉक्टर म्हणाली, "उर्वे, झोपेत तू दात खातेस.
जरा मन रमव कशात तरी."
मला हसू आलं.
एकतीस वर्षं तार्तूतल्या एका तळघरात
मी लोकांचे दात घडवते,
आणि रात्री फुकटात स्वतःचे झिजवते.
खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे म्हणतात;
मी दोन्ही करते, पावतीसकट.

तर मग हा टॅब्लेट. भाच्याचा, जुना,
कोपऱ्यात बारीक तडा,
आणि सोबत एक पेन्सिल, जिला टोक काढावं लागत नाही.
दर मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत
हेल्दुर नावाचे निवृत्त नकाशाकार
आम्हा सात जणांना शिकवतात.
बाहेर चार वाजताच अंधार.
"हात सैल," ते म्हणतात. "घसरू दे काचेवर."

हात सैल?
माझा हात सैल सुटला
तर विल्यान्दीत कुणाचं तरी जेवण बिघडतं.

पहिल्या दिवशी सफरचंद काढलं.
शेजारच्या लेम्बितनं वाकून पाहिलं,
म्हणाला, "दाढ छान जमलीय."
दाढच होती ती.
चार उंचवटे, मधली खाच,
आणि खाली सावली, दोन मुळांची.

दोन बोटांनी काचेवर टिचकी मारली
की शेवटची रेघ निघून जाते.
पुन्हा टिचकी, त्याआधीची.
पहिले काही आठवडे मी काढलं थोडं, पुसलं फार.
भट्टीतून निघालेला दात माफी देत नाही,
घासला गेला तो गेला.
इथे अख्खं सफरचंद
फुलापर्यंत मागे नेता येतं,
काच रागवत नाही.
त्या न रागावण्याचीच मला जरा भीती वाटली.

रंगांच्या चौकोनात पांढरा एकच,
वर, डावीकडे, अगदी टोकाला.
माझ्या खणात सोळा:
कॉफीचा पांढरा, सिगारेटचा पांढरा,
लहानपणी फार आजारी पडलेल्याचा पांढरा.
मग ती ड्रॉपरची खूण सापडली.
नदीकाठच्या बर्फाच्या फोटोवर टेकवली,
तर रंग उचलला निळा-करडा,
शिळ्या राईच्या पावावर येतो ना, तसा.
अठ्ठावन्न वर्षं मी त्याला पांढरा म्हणत आले.
त्या रात्री दोनपर्यंत बर्फच टिपत बसले.
डॉक्टरला हे सांगणार नाहीये.

माझ्याकडे माणसं येत नाहीत.
त्यांचे जबडे येतात, प्लास्टरचे, डब्यातून,
वर क्रमांक.
चव्वेचाळीसशे सतरा: वरचा, पटाशीचा, डावा.
चिठ्ठीत लिहिलेलं,
"कडेला टवका हवा. पूर्वी होता तसाच."
नवा दात, आणि टवका मागून घेतलेला!
कोण असेल?

मंगळवारी आधी तो दात काढला,
खालच्या थरावर.
वर नवा थर, ओठ.
त्यावर आणखी एक, नाक, कधीतरी मोडलेलं.
बाई की पुरुष ठरेना,
म्हणून दोघंही काढले,
एकाला झाकलं की दुसरा उघडा.
दात तोच.

हेल्दुर मागे येऊन उभे राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "डोळे?"
"ते मला माहीत नाहीत."
"मला तरी कुठे नद्या माहीत होत्या," ते म्हणाले,
"दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या
जोडत बसायचो खुर्चीत."
आणि लेम्बितच्या बोटीकडे वळले,
जी बुडत होती, किंवा तसं दिसत होतं.

डोळे अजून रिकामेच आहेत.
झोपताना मी रबरी पट्टी दातांवर चढवते,
मीच केलेली, माझ्याच मापाची.
सकाळी तिच्यावरचे वळ पाहते.
कमी झालेत की काय, सांगता येत नाही.

चव्वेचाळीसशे सतराचं पार्सल गुरुवारी गेलं.
टवका ठेवलाय.
चिठ्ठीत होता त्यापेक्षा
केसभर मोठा,
कारण चित्रात तो तसा बरा दिसत होता.